पदांचे प्रकार की पदांचे प्रयोग? : पारंपरिक तर्कशास्त्रातील एका वर्गीकरणाची चिकित्सा

१

पारंपरिक पद्धतीने लिहिलेल्या तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'पदे' ह्या विषयावरील प्रकरण बहुधा आरंभीच येते. पदाची व्याख्या, कोणते शब्द पद होण्यास योग्य व कोणते अयोग्य ह्याचा निर्णय, आणि त्यानंतर पदांचे प्रकार, असा त्याचा क्रम असतो. सामान्य व एकवाचक, समूहवाचक व असमूहवाचक, मूर्त व अमूर्त, अस्तिवाचक व नास्तिवाचक, सापेक्ष व निरपेक्ष, गुणार्थक व अगुणार्थक अशी युग्मे ओळीने मांडली जातात. 'पुढील पदांचे तर्कशास्त्रीय वर्णन करा' असा प्रश्न विचारला, की विद्यार्थी 'ग्रंथालय', 'शौर्य', 'आंधळा' अशा सुट्या शब्दांपुढे ही विशेषणे लिहून मोकळा होतो. मात्र पुढे अनुमानाच्या प्रकरणात शिरल्यावर ह्या वर्गीकरणाचा उपयोग कोठे करावयाचा, हे त्याला सहसा उमगत नाही.

ह्या वर्गीकरणावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. तो असा की, येथे वर्ग एकमेकांत मिसळतात. 'सैन्य' हे पद सामान्यही आहे आणि समूहवाचकही आहे. म्हणून तर्कशास्त्राने स्वतःच घालून दिलेला 'विभाजनाचे तत्त्व एकच असावे' हा नियम येथे मोडला जातो. हा आक्षेप टिकणारा नाही. येथे एकच विभाजन नसून अनेक स्वतंत्र विभाजने आहेत आणि प्रत्येकाचे तत्त्व वेगळे आहे. माणसांचे वयावरून एक आणि व्यवसायावरून दुसरे विभाजन केले, तर त्यात संकर होत नाही. तेव्हा वर्गीकरणातील खरी अडचण अन्यत्र शोधावी लागते. विभाजने किती आहेत, ह्यापेक्षा विभाजन नेमके कशाचे होत आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ज्यांस पदांचे प्रकार म्हटले जाते ते बहुतांशी पदांच्या प्रयोगाचे प्रकार आहेत, आणि प्रयोग विधानातच होत असल्यामुळे विधानाबाहेर काढलेल्या शब्दाचे असे वर्णन करताच येत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

प्रथम 'पद' ह्या संज्ञेकडे वळू. ॲरिस्टॉटलने ह्या अर्थी योजलेल्या 'होरोस' ह्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ सीमा अथवा मर्यादा असा आहे; लॅटिनमधील 'टर्मिनस' हा त्याचाच प्रतिशब्द होय. विधानाचे विघटन केले असता ज्या दोन टोकांशी आपण येऊन पोचतो ती पदे, अशी 'प्रायर ॲनॅलिटिक्स'च्या आरंभीची कल्पना आहे. म्हणजे पदाची व्याख्याच मुळी विधानाच्या अपेक्षेने केलेली आहे. विधान नाही तेथे टोक नाही, आणि टोक नाही तेथे पदही नाही.

मराठीत आपण 'पद' हा शब्द संस्कृत शास्त्रपरंपरेतून घेतला. त्यात सीमेची कल्पना नाही. तथापि पाणिनीच्या व्याकरणात पद म्हणजे केवळ प्रातिपदिक अथवा धातू नव्हे. विभक्तिप्रत्यय अथवा आख्यातप्रत्यय लागून वाक्यात येण्यास सिद्ध झालेले रूप ते पद. म्हणजे वाक्याशी असलेला संबंध ह्याही शब्दात सूचित आहे. ग्रीक व संस्कृत अशा दोन्ही परंपरांनी पद व सुटा शब्द ह्यांत जे अंतर राखले, ते आपल्या पाठ्यपुस्तकांतील व्याख्येतही टिकून असते. मात्र व्याख्या संपून वर्गीकरण सुरू होताच ते अंतर नाहीसे होते, आणि शब्दकोशातील नोंदींचेच वर्गीकरण चालू होते.

३

ह्या प्रकरणाचा आधुनिक पाया जॉन स्टुअर्ट मिलच्या १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक' ह्या ग्रंथात आहे. त्याच्या पहिल्या भागाचे दुसरे प्रकरण नामांविषयी असून त्यात मिलने नामांची सहा विभाजने दिली आहेत. पहिली पाच विभाजने सामान्य व एकवाचक, मूर्त व अमूर्त, गुणार्थक व अगुणार्थक, अस्तिवाचक व नास्तिवाचक, सापेक्ष व निरपेक्ष ही होत. सहावे विभाजन एकार्थक व अनेकार्थक असे आहे. ह्या सहाव्या विभाजनापाशी आल्यावर मिल एक महत्त्वाची कबुली देतो. एकार्थक व अनेकार्थक हे नामांचे दोन प्रकार नसून नामे योजण्याच्या दोन रीती आहेत, असे तो स्पष्टपणे म्हणतो.

ही कबुली त्याने सहाव्या विभाजनापुरतीच का मर्यादित ठेवली, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. एकच ध्वनिरूप दोन अर्थी योजले जाते तेव्हा भेद योजण्यात आहे, हे त्याला दिसले. परंतु एकच शब्द एका विधानात अनेकांस उद्देशून व दुसऱ्या विधानात एकालाच उद्देशून योजला जातो, तेव्हाही भेद योजण्यातच असतो. मिलच्या कबुलीचा हा न्याय मागील विभाजनांना लावून पाहिला असता काय शिल्लक राहते, ते क्रमाने पाहू.

४

सामान्य व एकवाचक हे युग्म प्रथम घेऊ. 'गाय' हे सामान्य पद आहे, असे उत्तर विद्यार्थी निःशंकपणे देईल. परंतु 'गाय शाकाहारी असते' आणि 'गाय गोठ्यात आहे' ही दोन विधाने शेजारी ठेवावी. पहिल्यात 'गाय' ह्या शब्दाने जातीविषयी काही सांगितले आहे, दुसऱ्यात एका विशिष्ट गाईविषयी. मराठीत इंग्रजीसारखे उपपद नाही. त्यामुळे उद्देश्याच्या रूपावरून हा भेद कळत नाही. तो क्रियापदावरून कळतो. 'असते' हे रूप नित्याचा स्वभाव सांगते, 'आहे' हे रूप बहुधा प्रस्तुत स्थिती सांगते. मराठीत पदाची सामान्यता कित्येकदा पदात नसून संयोजकात असते, ही गोष्ट इंग्रजी ग्रंथांच्या अनुकरणाने लिहिलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकांत लक्षात घेतली गेली नाही. तेथे प्रत्येक विधान 'सर्व … आहेत' ह्या साच्यात बसविले जाते.

ह्या साच्याने अर्थही बदलतो. 'गाय दूध देते' हे विधान कोणीही खरे मानील. त्याचे तर्कशास्त्रीय रूप 'सर्व गाई दूध देणाऱ्या आहेत' असे केले, की गोठ्यातील एक भाकड गाय ते खोटे ठरविण्यास पुरेशी होते. मूळ विधान भाकड गाईमुळे खोटे ठरत नाही. तेव्हा रूपांतर करताना आपण विधान शुद्ध केले नाही, त्याच्या जागी दुसरेच विधान ठेवले. 'गाय' ह्या शब्दापुढे 'सामान्य पद' एवढे लिहून थांबणाऱ्याला जातिस्वभाव सांगणे व प्रत्येक व्यक्तीविषयी सांगणे ह्यांतील हा भेद दिसण्याचा संभव नाही.

एकवाचक पदांच्या बाबतीत परंपरेचा इतिहासच बोलका आहे. 'सॉक्रेटीस मर्त्य आहे' हा निष्कर्ष असलेले संविधान ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचा नमुना म्हणून सांगितले जाते. लुकाशेविच ह्या पोलिश तर्कवेत्त्याने १९५१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, ॲरिस्टॉटलच्या संविधान-उपपत्तीत एकवाचक पदांना स्थान नाही. त्या उपपत्तीत एकच पद एका विधानात उद्देश्य व दुसऱ्यात विधेय होऊ शकले पाहिजे, आणि व्यक्तिनाम खऱ्या अर्थाने विधेय होत नाही. म्हणजे ज्या भेदाला पाठ्यपुस्तके दोन समान दर्जाच्या प्रकारांचे रूप देतात, तो मुळात पद विधानात कोणत्या स्थानी येऊ शकते ह्याविषयीचा भेद आहे.

५

समूहवाचक पदांविषयी मिलने स्वतःच सावधगिरी बाळगली आहे. सामान्य नाम समुदायातील प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे विधेय होऊ शकते, समूहनाम केवळ सर्वांविषयी एकत्रितपणेच होऊ शकते, असे सांगून त्याने ब्रिटिश सैन्यातील ७६ व्या पायदळ पलटणीचे उदाहरण दिले. ती पलटण हे समूहनाम आहे, सामान्य नाम नव्हे. परंतु नुसती 'पलटण' हे एकाच वेळी दोन्ही आहे, कारण पलटणी अनेक असतात. हे विवेचन सूक्ष्म आहे. तरीही अनुमानाच्या दृष्टीने ह्या भेदाचे मर्म शब्दापेक्षा प्रयोगातच सापडते.

'त्रिकोणाचे सर्व कोन दोन काटकोनांहून लहान असतात' आणि 'त्रिकोणाचे सर्व कोन दोन काटकोनांएवढे असतात' ही दोन्ही विधाने युक्लिडच्या भूमितीत सत्य आहेत. दोहोंचे उद्देश्य शब्दशः एकच आहे. पहिल्यात 'सर्व' म्हणजे प्रत्येक, दुसऱ्यात 'सर्व' म्हणजे सगळे मिळून. 'कोन' हा शब्द समूहवाचक पदांच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. तरीसुद्धा दुसऱ्या विधानापासून 'हा कोन दोन काटकोनांएवढा आहे' असा निष्कर्ष काढणारा चुकतो. उलटपक्षी 'विधानसभा' हा शब्द यादीत हटकून असतो, पण 'महाराष्ट्राची विधानसभा २८८ सदस्यांची आहे' ह्या विधानात त्याने काही तर्कदोष उद्भवत नाही. तर्कदोष टाळणे हेच ह्या भेदाचे प्रयोजन असेल, तर यादी पाठ करून ते साधत नाही. प्रत्येक विधानात 'प्रत्येक' की 'सगळे मिळून' हा प्रश्न विचारूनच ते साधते.

मूर्त व अमूर्त ह्या युग्माविषयी थोडक्यात सांगता येईल. 'माणूस' मूर्त आणि 'माणुसकी' अमूर्त, असे जोडीने लिहिले जाते. परंतु 'माणुसकी' म्हणजे माणूस असण्याचा धर्म नव्हे. तो 'मनुष्यत्व' ह्या शब्दाने सांगावा लागतो. निर्दय माणसाच्या ठायी मनुष्यत्व असते, माणुसकी नसते. 'लहानपण' हा शब्द एका विधानात आयुष्याचा एक काळ दर्शवितो, दुसऱ्यात आकाराचा अथवा योग्यतेचा लहानपणा. प्रत्ययाचे स्वरूप पाहून पदाचा प्रकार ठरविणे म्हणजे तर्कशास्त्राचे काम व्याकरणाकडून करवून घेणे होय.

६

अस्तिवाचक व नास्तिवाचक हे युग्म अनुमानाशी सर्वांत निकट आहे, कारण प्रतिवर्तनाची सारी क्रिया त्यावर अवलंबून असते. विधानाचा गुण बदलावा आणि विधेयाच्या जागी त्याचे व्याघाती पद ठेवावे, हा प्रतिवर्तनाचा नियम. 'हा दागिना मूल्यवान नाही' ह्याचे प्रतिवर्तित रूप 'हा दागिना मूल्यवानेतर आहे' असे होईल. 'मूल्यवानेतर' हा शब्द कोणी वापरीत नाही, म्हणून विद्यार्थी जवळचा रूढ शब्द घेतो आणि 'हा दागिना अमूल्य आहे' असे लिहितो. मग निष्कर्ष आधारविधानाच्या बरोबर उलट होतो. 'अमूल्य' हा शब्द रूपाने नास्तिवाचक आहे, अर्थाने ज्याचे मोल करता येत नाही इतके मौल्यवान असा आहे. 'अप्रिय' ह्या शब्दाची अडचण निराळी आहे. जे प्रिय नाही ते सर्व अप्रिय असतेच असे नाही; मध्ये उदासीनतेला पुष्कळ वाव आहे. 'प्रिय' व 'अप्रिय' ही पदे परस्परविरोधी आहेत, व्याघाती नव्हेत.

'गैरहजर' हा तिसरा नमुना. हजेरीपटावर ज्याचे नावच नाही तो गैरहजर असत नाही. म्हणजे ह्या पदाचे क्षेत्र आधीच बांधलेले आहे. हीच गोष्ट 'आंधळा' ह्या पदाची; दगडाला दृष्टी नाही म्हणून त्याला कोणी आंधळा म्हणत नाही. पाठ्यपुस्तके अशा पदांचा 'वंचनावाचक' हा तिसरा वर्ग करून मार्ग काढतात. परंतु क्षेत्राची मर्यादा ही ह्या वर्गाचीच विशेषता आहे काय? 'पांढरा नसलेला' ह्या पदात काळा घोडा येतो. त्यात सद्गुण, सप्तमी विभक्ती आणि वर्गमूळही येतात काय? ॲरिस्टॉटलने 'अ-मनुष्य' ह्याला पूर्ण अर्थाने नामच मानले नाही. त्याला अनिश्चित नाम म्हटले. डी मॉर्गनने १८४७ च्या 'फॉर्मल लॉजिक' ह्या ग्रंथात नास्तिवाचक पदांचा अर्थ एका मर्यादित विचारविश्वाच्या अपेक्षेने लावण्याची रीत रूढ केली. तीच रीत स्वीकारावयाची तर नास्तिवाचक पदाचा अर्थ चर्चेचे क्षेत्र ठरल्याखेरीज निश्चित होत नाही, आणि ते क्षेत्र सुट्या शब्दावरून कधीही कळत नाही.

७

सापेक्ष व निरपेक्ष हे युग्म वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. पिता, शिष्य, धाकटा, शेजारी ही पदे सापेक्ष आहेत हे ओळखणे सोपे आहे. परंतु ओळखून पुढे काय, ह्याचे उत्तर पारंपरिक तर्कशास्त्रापाशी नाही. 'घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे' हे अनुमान बिनचूक आहे. डी मॉर्गनने अशाच उदाहरणाने परंपरेची मर्यादा दाखविली. आधारविधानातील पदे 'घोडा' व 'प्राणी' ही आहेत. निष्कर्षातील पदे 'घोड्याचे डोके' व 'प्राण्याचे डोके' ही आहेत. दोन्ही विधानांत समाईक असे एकही पद नाही. 'घोडा' हा शब्द निष्कर्षात आहे, पण तो मोठ्या पदाच्या पोटात आहे, आणि पद हे विधानाचे अविभाज्य टोक मानल्यावर त्याच्या पोटात शिरण्यास मार्ग उरत नाही. येथे अनुमानाचा भार वाहणारा घटक षष्ठीचा प्रत्यय आहे, आणि नेमका त्यालाच पाठ्यपुस्तकाने पदायोग्य म्हणून आरंभीच बाहेर ठेवलेले असते.

संबंधांचे तर्कशास्त्र डी मॉर्गनने १८६० च्या निबंधात आरंभिले आणि फ्रेगेने १८७९ मध्ये संख्यापकांच्या उपपत्तीने त्याला पक्का आधार दिला. त्यानंतर पदांचे प्रकरणच कालबाह्य झाले, असे मत रूढ झाले. पीटर गीच ह्यांनी १९६२ च्या 'रेफरन्स अँड जनरॅलिटी' ह्या ग्रंथात पदव्याप्तीच्या पारंपरिक उपपत्तीवर कठोर टीका केली. परंतु हे मत पूर्णतः मान्य करण्याचे कारण नाही. फ्रेड सॉमर्स ह्यांनी १९८२ च्या 'द लॉजिक ऑफ नॅचरल लँग्वेज' ह्या ग्रंथात संबंधांनाही सामावून घेणारे पदतर्कशास्त्र रचता येते, असे दाखविण्याचा समर्थ प्रयत्न केला. पदाचा विचार टाकाऊ नाही. सुट्या शब्दांच्या यादीच्या रूपात तो केला जातो, ही त्यातील उणीव आहे.

८

आता मिलच्या तिसऱ्या विभाजनाकडे वळू. त्याच्या मते ते अत्यंत महत्त्वाच्या भेदांपैकी एक. जे पद वस्तूचा निर्देश करते आणि शिवाय एखादा गुण सूचित करते ते गुणार्थक. विशेषनाम केवळ निर्देश करते, म्हणून अगुणार्थक. मिलचे उदाहरण डार्टमथ गावाचे आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसल्यामुळे गावाला ते नाव पडले, पण उद्या नदीने मुख बदलले म्हणून नाव बदलावे लागणार नाही.

आपल्याकडे ह्याहून बोलके उदाहरण आहे. 'कुलकर्णी' हा शब्द गावचे दप्तर सांभाळणाऱ्या वतनदाराचा वाचक होता आणि त्या अर्थी पूर्णपणे गुणार्थक होता. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली, तरी आडनाव कोणी टाकून दिले नाही. 'जोशी' ह्या आडनावाच्या माणसाला पंचांग पाहता येते, असे अनुमान कोणी करीत नाही. नैयायिकांनी यौगिक, रूढ व योगरूढ असा भेद केला तो ह्याच प्रदेशातील आहे. 'पंकज' ह्या पदाचा अवयवार्थ चिखलात उगवलेले असा असला तरी ते कमळाचाच बोध करते, चिखलातील प्रत्येक वनस्पतीचा नव्हे.

तथापि 'कुलकर्णी' ह्या एकाच शब्दाचे हे दोन प्रयोग पाहिल्यावर तिसरे विभाजन सहाव्यापासून फार दूर राहत नाही. विशेषनामाला निर्देशाखेरीज काही अर्थ असतो काय, हा वाद फ्रेगेच्या १८९२ च्या निबंधापासून क्रिप्केच्या १९७० च्या व्याख्यानांपर्यंत चालत आला. फ्रेगेने अर्थ असतो असे मानले, तर क्रिप्के मिलच्या बाजूला आला. एवढा वाद ज्यावर झाला ती एक अर्थविषयक उपपत्ती आहे, वर्गीकरणातील एक ओळ नव्हे. तिला इतर युग्मांच्या रांगेत बसविल्याने तिचे महत्त्व विद्यार्थ्याच्या दृष्टीआड होते.

९

येथे एक आक्षेप संभवतो. प्रयोगाबाहेर शब्दाला काहीच स्वभाव नसेल तर शब्दकोश कसा तयार होतो? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर योग्यता व कार्य ह्यांत भेद करून देता येते. शब्दाला काही प्रयोगांची योग्यता असते, काहींची नसते. 'आणि' हा शब्द एरवी उद्देश्य होत नाही, 'गाय' होतो. कोशाला ही योग्यता नोंदविता येते. अमुक विधानात त्याने कोणते कार्य केले, हे मात्र विधानच सांगते. शाळेतील मराठी व्याकरणातही शब्दाची जात वाक्यातील कार्यावरून ठरवावी असे शिकविले जाते. 'चांगला मुलगा' येथे विशेषण असलेला शब्द 'चांगल्याचे चांगले होते' येथे नाम होतो. शालेय विद्यार्थ्याकडून जी अपेक्षा आपण करतो ती तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून न करणे विचित्र आहे.

ही दृष्टी परंपरेला परकीही नाही. तेराव्या शतकात विल्यम ऑफ शेरवुड व पीटर ऑफ स्पेन ह्यांनी आणि चौदाव्यात ऑकमने 'सपोझिशिओ'ची, म्हणजे विधानात पद कशाऐवजी उभे राहते ह्याची, सविस्तर उपपत्ती मांडली. 'माणूस धावतो', 'माणूस ही एक जाती आहे' आणि '"माणूस" हे नाम आहे' ह्या तीन विधानांत एकच शब्द अनुक्रमे व्यक्तीसाठी, जातीसाठी व स्वतःसाठी उभा राहतो, असे त्यांनी दाखविले. १६६२ च्या पोर्ट रॉयल लॉजिकनंतर पदाचा विस्तार व त्याचा आशय ह्या दोन कल्पनांना प्राधान्य मिळाले, आणि पाठ्यपुस्तकांतून ही जुनी उपपत्ती मागे पडली. आपल्याकडे पारंपरिक तर्कशास्त्र ह्या नावाने आले ते परंपरेचे हे उत्तरकालीन व काहीसे संकुचित रूप होय.

तेव्हा पदांचे प्रकरण गाळावे असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नाही. ते विधानाच्या प्रकरणानंतर शिकवावे, आणि प्रत्येक भेद तो ज्या अनुमानाला उपकारक आहे त्याच्याशी जोडून द्यावा: समूहाचा भेद संग्रह व विग्रह ह्या तर्कदोषांशी, नास्तिवाचकाचा प्रतिवर्तनाशी, सापेक्षाचा संबंधांच्या तर्कशास्त्राशी. परीक्षेत सुटे शब्द देण्याऐवजी विधाने द्यावी आणि अधोरेखित पदाचे वर्णन विचारावे. 'गाय' हे कोणते पद आहे, ह्या प्रश्नाला शास्त्रशुद्ध उत्तर एकच आहे: कोणत्या विधानातील?